शंभरातले चार

आमच्या वन्संना कुणाच्या घरी न्यायचं म्हणजे मला आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. समोरचा माणूस दार उघडून "या, बसा" म्हणतो आणि या बसायच्या आधी त्याच्या शर्टाची कड बोटांनी उलटून बघतात. मग तो नवरामुलगा असो, पोलीस असो, नाहीतर ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे असा बिचारा असो. एकदा प्रार्थनेला पाहुणे म्हणून आलेल्या प्रवचनकारांच्या कोटाचं अस्तर यांनी मागच्या मागे तपासलं. ते डोळे मिटून उभे होते म्हणून निभावलं. घरी येताना मला म्हणतात, "माणूस सज्जन आहे गं, पण त्याचा शिंपी लबाड. आत कच्चे टाके तसेच सोडलेत."

वन्सं म्हणजे आमच्या यांची, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट. आम्ही वर राहतो आणि खाली रस्त्याकडे तोंड असलेल्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान. मागच्या खोलीत त्या स्वतः. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं की म्हणायच्या, "मापात बसणारा मिळाला नाही." पन्नास वर्षं एकच मशीन, एकच कात्री, आणि त्या कात्रीने दुसरं काही कापलं तर घरात भूकंप. गावातली सगळी अवघड अंगं त्यांच्याकडे येतात. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचं पोट दोन पावलं पुढे, कुणाच्या पाठीला बाक. वन्सं टेप गळ्यात टाकून त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "देवाने घडवताना घाई केली, आपण करायची नाही."

हे सगळं काम होतं एका डोळ्यावर. डावा डोळा जन्मापासून शोभेचा, उजेड की अंधार एवढंच त्याला कळतं. जे काही बघायचं ते उजव्याने. आणि गेल्या वर्षी त्या उजव्यातच धुकं उतरायला लागलं.

आधी निळ्या पॅन्टला काळा दोरा आला. मग एका खिशाचं तोंड खाली झालं. वन्सं म्हणाल्या, बल्ब बदला. हेंनी बल्ब बदलला. मग शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या. ते इतके भिडस्त की तीन दिवस तो कोट घालून, उजवा हात दारच्या पाहुण्यासारखा बाजूला धरून शाळेत गेले. चौथ्या दिवशी दुकानात येऊन हळूच म्हणाले, "ताई, ही नवी पद्धत आहे का?"

वन्संनी कोट हातात घेतला, बाह्या चाचपल्या, आणि स्टुलावर बसल्या. त्या दिवशी भर दुपारी दुकानाचं दार बंद झालं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी चहा घेऊन खाली गेले तर म्हणाल्या, "हा डोळा गेला की मी संपले गं. मला स्वयंपाक करता येत नाही, गाणं येत नाही, लोकांशी गोड बोलता येत नाही. शिवता येतं, तेवढंच."

चष्मेवाल्यांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करा. वर म्हणाले, "पण एकच डोळा आहे तुमचा. तेव्हा जागा बघून करा."

जागा बघून म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायला मग सगळी गल्ली आली.

आधी आले समोरचे घड्याळवाले. त्यांचा मोतीबिंदू नुकताच नव्या हॉस्पिटलात निघाला होता. त्या इमारतीला बाहेरून सगळी काचच आहे, म्हणून आम्ही त्याला काचेचं हॉस्पिटल म्हणतो. घड्याळवाले खुर्ची ओढून बसले आणि सुरू झाले. "ताई, तुम्हाला सांगतो, खुर्ची अशी की बसलं की झोप यावी. गार हवा. मागे हळू आवाजात संगीत. कॉफी विचारतात, साखर किती तेही विचारतात."

"डोळ्याचं सांगा," वन्सं म्हणाल्या.

"पडदे असे मऊ..."

"भाऊ, डोळ्याचं!"

"डोळ्याचं काय, तो आहेच की!" घड्याळवाले म्हणाले आणि पुन्हा कॉफीवर गेले.

संध्याकाळी आमची कन्या ऑफिसातून आली ती कागद छापून घेऊनच. एका कागदावर लोकांनी फोनवर दिलेले तारे होते. काचेच्या हॉस्पिटलला जवळजवळ पाच, बाजारामागच्या जुन्या हॉस्पिटलला जेमतेम तीन. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं. एकाने जुन्या हॉस्पिटलला एक तारा देऊन लिहिलं होतं, "गाडी लावायला जागा नाही." दुसऱ्याने काचेच्या हॉस्पिटलला पाच तारे देऊन लिहिलं होतं, "मी अजून आत गेलेलो नाही, पण इमारत सुंदर आहे."

"यांना डोळे आहेत तरी का?" वन्संनी विचारलं.

दुसरा कागद आरोग्य खात्याचा. त्यात ताऱ्यांची भानगड नव्हती, सरळ हिशेब होता. मोतीबिंदूच्या दर शंभर ऑपरेशनांत किती वेळा काही बिघडलं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. काचेचं हॉस्पिटल, शंभरात एक. जुनं हॉस्पिटल, शंभरात चार.

कापड कापायच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो. हेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे आता निकाल. "ताई, यात बोलण्यासारखं काही उरलं का? एक म्हणजे एक, चार म्हणजे चार. काचेचं."

"आत्या, बाबा म्हणतात ते बरोबर आहे," कन्या म्हणाली. "मी उद्याच नाव घालते."

मी म्हटलं, आधी प्रार्थना करू, मग ठरवू.

"कर की," वन्सं म्हणाल्या. "पण देवाला हा कागद वाचून दाखव. त्यालाही पुरती माहिती नको का?"

त्या थट्टा करत होत्या. मी मात्र रात्रीचं आवरायच्या आधी खरंच कागद समोर ठेवून सगळं सांगितलं. देवाला सगळं ठाऊक असतं हे मला माहीत आहे. पण आपण नीट सांगितलं म्हणजे आपल्याला तरी कळतं की आपण काय मागतोय.

काचेच्या हॉस्पिटलात मी त्यांच्याबरोबर गेले. खुर्च्या घड्याळवाल्यांनी सांगितल्या तशाच होत्या. वन्संनी जाताजाता पडद्याची दुमड उलटून पाहिली आणि "ठीक आहे" म्हणाल्या. भरायला एक फॉर्म दिला. तो मी लिहायचा, त्या सांगणार. वय, औषधं, साखर, सगळं झालं. मग प्रश्न आला, डोळ्याला पूर्वी कधी इजा झाली होती का?

"नाही लिही," वन्सं म्हणाल्या.

माझं पेन थांबलं. कारण मला माहीत होतं. बाविसाव्या वर्षी जाड ताडपत्री शिवताना मशीनची सुई मोडली आणि तिचं टोक उडून याच डोळ्यात गेलं होतं. पंधरा दिवस पट्टी, आणि घरात सांगितलं की डोळा आलाय. हे त्यांच्या आईला माहीत होतं, नंतर मला. हेंनासुद्धा कधी सांगितलं नाही.

"वन्सं, अहो, डॉक्टरांपासून लपवायचं नसतं."

"हळू बोल! शिंपिणीच्या डोळ्यात तिचीच सुई गेली, हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? स्वयंपाकी स्वतःच्याच पातेल्यात पडला म्हणतील. नाही लिही."

रोज सकाळी मला खरं बोलायची बुद्धी दे म्हणून मागणारी मी. मी "नाही" लिहिलं. माझ्या या वहीत हे लिहून ठेवते आहे, म्हणजे विसरायला नको.

डॉक्टर तरुण होता, फार नम्र. वन्संची हनुवटी यंत्रावर टेकवून तो बराच वेळ बघत राहिला. "आजी, इथे कधी काही लागलं होतं?"

"नाही."

"नक्की?"

"जन्मापासून असेल."

त्याने खुर्ची मागे घेतली आणि कागदावर एक गोल काढला. "हे बघा, डोळ्यातलं भिंग हे असं मधोमध टांगलेलं असतं. चारी बाजूंनी बारीक बारीक धागे असतात, त्यांच्यावर. तुमच्या या डोळ्यातले या बाजूचे धागे तुटलेत. भिंग एकीकडे झुकलंय. साधा मोतीबिंदू काढतो तसा हा काढता येणार नाही." मग म्हणाला, "असे डोळे आम्ही इथे करत नाही. जुन्या हॉस्पिटलला जा. मी चिठ्ठी देतो."

 बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर वन्सं सुरू झाल्या. "परत केलं मला! कापड परत करतात तसं! आणि कुठे पाठवतोय, तर चारवाल्यांकडे!"

मी म्हटलं, रिक्षा करू. नको म्हणाल्या, चालत जाऊ, डोकं तापलंय. चालता चालता आम्ही कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानाशी आलो. मोठी पाटी, मोठे दिवे, आणि काचेवर कायमचं चिकटवलेलं वाक्य, "आमच्या कपड्यांबद्दल एकही तक्रार नाही." दारातून पाठीला बाक असलेले एक गृहस्थ रिकाम्या हाताने बाहेर येत होते आणि दुकानातला माणूस त्यांना हाताने आमच्या गल्लीचा रस्ता दाखवत होता. "तिथे एक बाई आहेत बघा, त्या शिवून देतात."

वन्सं जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतक्या अचानक की मी दोन पावलं पुढे गेले.

"माझ्या खुंटीवर दुरुस्तीला परत आलेले कपडे किती असतात गं?"

"असतात दहा-बारा. का?"

"आणि याच्याकडे?"

"एकही नाही. लिहिलंय की."

"म्हणजे हा माझ्यापेक्षा चांगला शिंपी?"

"अहो वन्सं, तो शिंपी कुठला? सरळ अंगाचा माणूस आला तर कपडा देतो, वाकडा आला की तुमच्याकडे पाठवतो."

"हं," वन्सं म्हणाल्या. "आणि मघाशी मला कुणीकडे पाठवलं?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग म्हटलं, "म्हणजे ते शंभरातले चार..."

"ते चार कुठले, ते विचारायला पाहिजे. माझ्यासारखे झुकलेले डोळे असतील, तर गोष्ट वेगळी. सरळ साधे चार बिघडवले असतील, तर गोष्ट त्याहून वेगळी. ते डॉक्टर गचाळही असतील, काय सांगावं! त्या कागदावर नुसते शंभर डोळे लिहिलेत. कसले डोळे ते लिहिलंच नाही." आणि त्या बाक आलेल्या गृहस्थांना हाक मारून म्हणाल्या, "अहो, ती बाई मीच. पण एवढ्यात येऊ नका. माझं स्वतःचंच माप चुकलंय."

जुन्या हॉस्पिटलात गाडी लावायला जागा नाही हे खरं होतं. बसायलाही नव्हती. लाकडी बाक, वर खडखडणारा पंखा, हातात नंबराचा बिल्ला. तीन तासांनी आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस कसेबसे बांधलेले, पांढऱ्या कोटाला एक बटण वेगळ्याच रंगाचं. त्या चिठ्ठी वाचत होत्या तेवढ्यात वन्संनी त्यांच्या कोटाची कड उलटली.

"काय बघताय?" चिठ्ठीवरून नजर न काढता बाईंनी विचारलं.

"शिवण. बटण तुम्हीच लावलंत?"

"हो."

"घट्ट लावलंय," वन्संनी कबूल केलं. "दिसतं वाईट."

बाईंनी डोळा तपासला. मग तोच प्रश्न आला, कशाने लागलं होतं? मी छताकडे बघायला लागले. पंखा खडखडत होता. वन्संनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "सुईने. माझ्याच. बाविसाव्या वर्षी मशीनची सुई मोडली. मी शिंपीण आहे."

"सेहेचाळीस वर्षं टिकवलात की मग," बाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं. हसल्या नाहीत की काही नाही. वन्संचे खांदे चांगले दोन बोटं खाली आले.

"आता मी एक विचारू?" वन्सं म्हणाल्या. "धागे तुटलेले असे डोळे तुम्ही किती केलेत? आणि त्यांतले किती बिघडले? सगळ्या हॉस्पिटलचे नकोत, तुमचे सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यांनी नर्सला सांगून कपाटातून एक जाड वही आणवली. "रोज सत्तर माणसं येतात," पानं उलटत त्या म्हणाल्या. "पंखा का वाजतो विचारतात. हे कुणी विचारत नाही." मग बोटाने ओळी मोजत गेल्या. "दोन वर्षांत एक्केचाळीस. त्यांतले छत्तीस चांगले बघतात. तीन जेमतेम. दोन गेले."

"दोन का गेले?"

"एकाचा मागचा पडदा आधीच सुटला होता. दुसरा माझ्या हातून गेला. भिंग आत घसरलं. तेव्हापासून मी आधी आत एक बारीक कडं बसवते, भिंगाच्या पिशवीला आधार म्हणून, आणि मगच पुढचं करते."

वन्संनी त्या वहीच्या पानावरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. मग म्हणाल्या, "तारीख द्या."

परत येताना मला राहवेना. "अहो वन्सं, त्या स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या की एक डोळा माझ्या हातून गेला. आणि तुम्ही त्यांच्याच हातात देताय?"

"जी शिंपीण म्हणते, माझ्या हातून कधी काही बिघडलंच नाही, तिने एकतर चार फ्रॉक शिवलेत, नाहीतर गिऱ्हाईक गेल्यावर वळून बघितलेलं नाही. हिने बघितलंय. कुठे उसवलं ते तिला ठाऊक आहे." मग जरा हळू आवाजात, "तरी एक्केचाळिसात दोन हे थोडे नाहीत गं. तू तुझं काम चालू ठेव." म्हणजे प्रार्थना. तेवढ्या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी विचारलं, नवं भिंग लांबचं बघायला बसवू की जवळचं? वन्सं म्हणाल्या, "रस्त्यावरचे लोक बघून झालेत. मला सुईचं भोक दिसलं पाहिजे." मग त्यांना घालायला एक हिरवा गाऊन दिला. त्याच्या पाठीमागच्या तीन नाड्यांपैकी दोन तुटलेल्या आणि तिसरी भलत्याच ठिकाणी शिवलेली. वन्संनी नर्सकडे सुई-दोरा मागितला. नर्स म्हणाली, "आजी, आत जायची वेळ झाली." वन्सं म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम आहे, उघडं पडून जाऊ का देवाच्या दारात?" नर्स म्हणाली, "देवाच्या नाही हो, ऑपरेशनच्या दारात!" आणि ढकलगाडी निघाली. तिच्यावर मागून गाऊन एका हाताने धरून बसलेल्या वन्सं, आणि बाहेर बाकावर मी.

दीड तास लागला. घड्याळवाल्यांचं वीस मिनिटांत झालं होतं. मी त्या दीड तासात देवाला काय काय कबूल केलं ते सगळं पाळायचं म्हणजे मला आणखी एक आयुष्य लागेल.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. "काय दिसतं?" बाईंनी विचारलं. "धुकं," वन्सं म्हणाल्या. बाई म्हणाल्या, सूज आहे, आठवडाभर थांबा, थेंब घालत राहा. बाईंच्या आवाजावरून मला काही उलगडा झाला नाही.

तो आठवडा आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. वन्सं काळा चष्मा लावून मागच्या खोलीत बसलेल्या, मशीनवर चादर घातलेली. घड्याळवाले रोज येऊन बोटं नाचवायचे. "ताई, किती? सांगा, किती?" वन्सं म्हणायच्या, "दिसायला लागलं की सांगेन. रोज रोज परीक्षा द्यायला मी शाळेत जात नाही." आमचे हे जिन्यात उभं राहून मला विचारायचे, "ताईला दिसतंय का गं?" मी म्हणायचे, तुम्हीच विचारा. ते म्हणायचे, मी नाही बाबा. मीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते. कन्या ऑफिसला निघता निघता खाली आली. हॉस्पिटलचा निरोप तिच्या फोनवर आला होता. आमच्या सेवेबद्दल तारे द्या, दोन शब्द लिहा.

"किती देऊ आत्या?"

"डोळ्याचे किती आणि गाऊनचे किती?"

"वेगळे नसतात गं. मिळून एकच."

"मिळून कसं? बाही चांगली आणि कॉलर वाकडी असेल, तर मिळून काय सांगायचं? लिही. मी सांगते." आणि वन्सं मांडी घालून सांगायला लागल्या. कन्या उभ्या उभ्या टाईप करत होती. जुनी इजा, तुटलेले धागे, कडं, बाईंची वही, एक्केचाळीस, छत्तीस, तीन, दोन, मग गाऊनच्या नाड्या. फोन म्हणाला, एवढं मावणार नाही. वन्सं म्हणाल्या, कापू. पंखा कापला, बाक कापले, तीन तास कापले, शेवटी धागे, कडं आणि आकडेही कापले. नाड्या कापायला तयार होईनात.

"झालं," कन्या म्हणाली. "पाठवू? मला बस गाठायची आहे."

"न बघता पाठवतेस? दे इकडे."

त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातात घेतला आणि वीतभर अंतरावर धरला. कन्येने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात थेंबांची बाटली तशीच उघडी होती.

"'ज्यांच्या डोळ्याला,'" वन्सं वाचायला लागल्या, "'पूर्वी मार लागला आहे, त्यांनी इथे यावं. डॉक्टरांना त्यांचे स्वतःचे आकडे विचारावेत. त्या खरे सांगतात. मला सुई लागली होती. आज...'" त्या थांबल्या. फोन किंचित जवळ आणला. "'आज नववा दिवस.' इथे स्वल्पविराम नको, पूर्णविराम दे. 'गाऊन मात्र स्वतःचा आणावा.'"

अक्षर मुंगीएवढं होतं. मला चष्मा लावूनही ते दिसलं नसतं.

मी बाटलीला झाकण लावलं की नाही आठवत नाही. जिना चढून वर आले आणि देवापुढे उभी राहिले. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, पण एक शब्द सुचेना. नुसते हात जोडले. खालून वन्संचा आवाज येत होता, "हे तारे दाबायचे कुठे? आणि अडीच देता येत नाहीत का?" आणि कन्या ओरडत होती, "आत्या, पाच दे! पाच! बस चालली माझी!"